कनेक्टर उखडतो तेव्हा सोल्डर सुटत नाही, तांबं सोललं जातं

उखडून आलेला कनेक्टर उलटा करून भिंगाखाली धरा. पायांना सोल्डर घट्ट चिकटलेलं दिसेल, आणि त्या सोल्डरला चिकटून बोर्डावरचा तांब्याचा पॅडही सोबत आलेला दिसेल. पॅडच्या पाठीला इपॉक्सीचा पिवळट थर असतो, कधी काचेच्या धाग्यांच्या विणीचे ठसेही. तरी बहुतेकदा निदान होतं ते "सोल्डर कच्चं राहिलं" असंच. मग पुढच्या खेपेला सोल्डर वाढवतात आणि कनेक्टर पुन्हा तसाच उखडतो, कारण सोल्डर तुटलेलंच नसतं.

साधा हिशेब मांडू. नेहमीच्या एफआर-४ (काचेचे धागे आणि इपॉक्सी यांच्या) बोर्डावर ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं दर मिलिमीटर रुंदीला साधारण १ ते १.४ न्यूटन जोराने सोलून निघतं. २ मिमी रुंदीच्या पॅडची एक कड उचलली गेली, की उरलेला पॅड काढायला अडीच न्यूटन, म्हणजे पाव किलोच्या वजनाएवढा जोर पुरतो. आता तोच पॅड २ गुणिले १.५ मिमीचा धरा आणि त्यावर बोर्डाच्या पातळीत आडवा जोर लावा. शिसं नसलेल्या सोल्डरची घसरत्या जोरातली ताकद दर चौरस मिमीला ३० न्यूटनच्या आसपास असते, म्हणजे तो सांधा नव्वदेक न्यूटन सहज झेलतो. पॅड तोच, सोल्डर तेच, फक्त जोराची दिशा बदलली आणि ताकद तीस-पस्तीस पट कमी झाली. कनेक्टर बोर्डावर पक्का बसवायचा म्हणजे तांब्याला सोलणारा जोर पॅडपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. बाकीचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

सोलणारा जोर येतो कुठून? प्लग सरळ आत-बाहेर करताना तो फारसा येत नाही. टाइप-सी यूएसबीच्या मानकात प्लग घालण्याचा जोर ५ ते २० न्यूटन आणि नवा असताना काढण्याचा ८ ते २० न्यूटन ठरवलेला आहे. हा जोर बोर्डाला समांतर असतो, त्यामुळे सांध्यांना तो जड जात नाही. घात होतो तो केबल खाली दाबली जाते, वर ओढली जाते किंवा बाजूला हिसडते तेव्हा. बोर्डाच्या कडेवर बसलेला कनेक्टर घ्या. त्याच्या पुढच्या पायांपासून १२ मिमी पुढे, प्लगच्या टोकाला २० न्यूटनचा भार खाली आला. पुढचे पाय टेकूचं काम करतात आणि मागची बाजू वर उचलली जाते. पुढच्या-मागच्या पायांत ४ मिमी अंतर असेल तर मागच्या पायांवर येणारा जोर १२ गुणिले २० भागिले ४, म्हणजे ६० न्यूटन. अंतर ६ मिमी असेल तर तो ४० वर येतो. दोन मिमी अंतर वाढवण्याने जेवढा फरक पडतो तेवढा सोल्डर कितीही ओतलं तरी पडणार नाही. आणि मागच्या बाजूला नेमके काय असतात? बारीक, पाव-पाव मिमी रुंदीचे सिग्नलचे पॅड. सगळ्यात दुबळा भाग सगळ्यात जास्त उचलणाऱ्या जागी. म्हणून कनेक्टर निवडताना डेटाशीटमध्ये मी आधी आकृतीकडे पाहतो: कवचाचे, म्हणजे कनेक्टरच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाचे, पाय किती, कुठे, आणि त्यांच्यात अंतर किती.

माझं मत असं, की ज्या कनेक्टरमध्ये माणूस हाताने प्लग घालणार आहे, त्याच्या कवचाचे किमान चार पाय बोर्डातून आरपार गेलेच पाहिजेत. सिग्नलच्या पिना पृष्ठभागावर बसल्या तरी चालतात. आरपार पायाचं गणित वेगळंच आहे. ०.६४ मिमीची चौकोनी पिन १.६ मिमी जाडीच्या बोर्डात घातली, तर भोकाच्या आत सोल्डरला धरायला चार चौरस मिमीच्या वर क्षेत्र मिळतं. ते १०० न्यूटनहून जास्त जोर झेलतं, आणि इथे सोलायला कडच नसते. भोकाच्या भिंतीचं तांबं दोन्ही तोंडांवरच्या कड्यांनी रिव्हेटसारखं अडकलेलं असतं.

पण हे सगळं भोकाचं माप बरोबर असेल तर. गोल पिनेला तिच्या कमाल व्यासापेक्षा ०.२ ते ०.२५ मिमी मोठं भोक द्या, आणि हे माप आत तांबं चढवून झाल्यावरचं आहे, ड्रिलचं नाही. चौकोनी पिनेला कर्ण मोजा. ०.६४ च्या पिनेचा कर्ण ०.९ मिमी येतो, म्हणून तिला १.० ते १.१ मिमीचं भोक. यापेक्षा घट्ट ठेवलं तर फ्लक्सच्या (सोल्डर नीट धरावं म्हणून धातू साफ करणाऱ्या रसायनाच्या) वाफेला वाट मिळत नाही, सोल्डर अर्ध्यावर थांबतं आणि वरून सांधा छान दिसत असताना आत पोकळी राहते. फार सैल ठेवलं तर पिन कलते आणि सोल्डर खाली गळतं. आयपीसी-ए-६१० ही सोल्डरकामाच्या दर्जाची मानक-संहिता भोकाच्या उंचीच्या ७५ टक्के भराव मागते, आणि कवचाच्या पायांच्या बाबतीत तेवढ्यावर समाधान मानू नये. कवचाचे पाय चपटे असतात. त्यांना गोल भोक दिलं तर दोन्ही बाजूंना मोठी पोकळी राहते आणि कनेक्टर बसवतानाच हलतो. लांबट, आतून तांबं चढवलेला स्लॉटच द्या, आणि फॅब्रिकेशनच्या रेखाटनात तो "तांबं चढवलेला" असा स्पष्ट लिहा. ड्रिलच्या फाइलमध्ये तो चुकून कोरड्या, म्हणजे तांबं न चढवलेल्या, भोकांच्या यादीत गेला, तर बोर्ड हातात येईपर्यंत कळत नाही.

जागेअभावी सगळे पाय पृष्ठभागावरच ठेवावे लागले, तर निदान पॅडला तरी जखडून ठेवा. सिग्नलच्या पॅडभोवती सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) थोडा मागे ठेवायची पद्धत आहे, ती तिथे योग्यच आहे. धरून ठेवणाऱ्या पॅडला मात्र उलट करा. तांबं मोठं घ्या आणि मास्क त्याच्या कडेवर चहूबाजूंनी ०.१ मिमी चढू द्या, म्हणजे कड दाबलेली राहते आणि सोलणं सुरू व्हायला जागा मिळत नाही. त्याच तांब्याला मास्कखालच्या भागात ०.३ मिमीच्या चार-सहा व्हाया (थरांना जोडणारी, आतून तांबं चढवलेली भोकं) द्या. त्या पॅडला आतल्या आणि खालच्या थरांशी खिळ्यासारखं ठोकून ठेवतात. व्हाया सोल्डर लागणाऱ्या भागात उघड्या ठेवू नका, सोल्डर पेस्ट (सोल्डरची पूड आणि फ्लक्स यांचं मिश्रण) त्यातून खाली निथळून जाते आणि सांधा उपाशी राहतो. पॅडमधून निघणारा ट्रेस (तांब्याची वाट) पॅडकडे येताना हळूहळू रुंद करत आणा, कारण पॅड जराही हलला की पहिला तडा पॅडच्या कडेला ट्रेसवरच पडतो.

बाहेर वाकवलेल्या पायांच्या पिनांना पॅड किती लांब द्यावा याबद्दल एक गैरसमज दिसतो. पुढे, टोकाकडे पॅड वाढवला की सोल्डरचा उतार छान दिसतो आणि तपासणीलाही सोपं जातं. पण ताकद येते ती टाचेतून, म्हणजे पाय जिथून वर वळतो तिथल्या सोल्डरमधून. टाचेमागे ०.३ ते ०.५ मिमी पॅड असू द्या. जागा कमी पडत असेल तर टोकाकडचा कापा, टाचेचा नाही.

प्लास्टिकच्या खालच्या खुंट्या केवळ जागा दाखवायला असतात असं समजून काही जण फूटप्रिंटमधून (बोर्डावरच्या पॅड-भोकांच्या आराखड्यातून) त्यांची भोकं गाळतात आणि खुंट्या कापून टाकतात. तसं करू नका. आडवा धक्का सोल्डरऐवजी बोर्डाच्या अंगावर घेणारा तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. एका खुंटीला ०.०५ ते ०.१ मिमी सैल गोल भोक द्या आणि दुसऱ्या खुंटीला दोघींना जोडणाऱ्या रेषेत लांबट भोक. दोन्ही भोकं घट्ट गोल ठेवली तर मापातला बारीक फरक कनेक्टरला तिरपा बसवतो.

आता सोल्डरच्या एका स्वभावाबद्दल, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. सॅक ३०५ हे शिसं नसलेल्या सोल्डरचं नेहमीचं मिश्रण २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतं, म्हणजे ४९० केल्व्हिन. खोलीचं तापमान २९८ केल्व्हिन. म्हणजे टेबलावर पडलेलं सोल्डर आपल्या वितळण्याच्या तापमानाच्या ६० टक्क्यांवर उभं असतं. पोलादाला त्याच प्रमाणात तापवायचं तर ८०० अंशांच्या आसपास न्यावं लागेल, जिथे ते लाल तापलेलं असतं. अशा धातूवर क्षणाचा जोर चालतो, कायमचा चालत नाही. तो हळूहळू सरकतो. नव्वद न्यूटन झेलणारा सांधा त्याच्या छोट्याशा अंशाच्या सततच्या भाराखाली महिन्यांनी तडकू शकतो. म्हणून लोंबणाऱ्या केबलचं वजन कनेक्टरवर ठेवायचं नाही, केबल वेगळी बांधायची. आणि म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा: ज्या कनेक्टरला बोर्डावर किंवा पॅनेलवर आवळायचे स्क्रू आहेत, तिथे स्क्रू आधी आवळा आणि सोल्डर नंतर करा. सोल्डर करून मग स्क्रू आवळला, की कनेक्टर आणि बोर्डामधली ०.२ मिमीची फट जबरदस्तीने बंद होते आणि तो ताण कायमचा पिनांमध्ये कोंडला जातो. सांधा त्या दिवशी चाचणीत पास होतो. तुटतो नंतर.

स्क्रू टर्मिनलची गोष्टही याच घरातली. एम३ स्क्रूला साधारण ०.५ न्यूटन-मीटर पीळ लागतो आणि तो सगळा पीळ दोन पिनांच्या सांध्यांवर जातो. दोन-दोन खणांचे तुकडे सुटे सोल्डर करू नका, एकमेकांच्या खाचेत अडकवून एक लांब पट्टी करा आणि मग सोल्डर करा. तारा बसवताना ठोकळा बोटांनी धरून स्क्रू फिरवा.

प्लास्टिक कोणतं, हा प्रश्न रिफ्लोला (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवून सोल्डर करण्याला) जाणाऱ्या कनेक्टरसाठी आधीच सोडवायला हवा. शिसं नसलेल्या पेस्टच्या ओव्हनमध्ये शिखराचं तापमान २३५ ते २५० अंशांपर्यंत जातं. पीबीटी हे प्लास्टिक २२३ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे ते इथे बादच. नायलॉन ६६ वितळत नाही, पण ते हवेतला ओलावा पितं आणि ओव्हनमध्ये त्या ओलाव्याची वाफ होऊन अंगावर फोड येतात. सीलबंद पिशवी उघडल्यावर किती तासांत वापरायचं हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, ते पाळायचं आणि मुदत टळली तर आधी बेक करायचं. एलसीपी हे प्लास्टिक ओलावा जवळजवळ पीत नाही आणि पातळ भिंतींत छान वाहतं, म्हणून बारीक पिचच्या (पिनांमधलं अंतर कमी असलेल्या) कनेक्टरांत तेच दिसतं. त्याचा दोष म्हणजे साच्यात दोन प्रवाह मिळतात ती रेघ कच्ची राहते. कुलपाच्या पाकळीवर ती रेघ आली की पाकळी तिथेच मोडते.

लांब कनेक्टरांत प्रसरणाचा फरक मोजावा लागतो. एफआर-४ आपल्या पातळीत दर अंशाला दहा लाखात १४ ते १७ भाग पसरतं. प्लास्टिक त्याहून १० भाग जास्त पसरत असेल, तर ६० मिमी लांबीत २०० अंशांच्या चढउताराला ०.१२ मिमी फरक पडतो, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.०६. एवढं सोल्डर सहन करतं. खरी अडचण वाकण्याची आहे. पिनांच्या तळातला चढउतार ०.१ मिमीपर्यंत चालतो असं डेटाशीट म्हणतं, पण ०.१२ मिमी जाडीच्या स्टेन्सिलने (पेस्ट छापायच्या, खिडक्या पाडलेल्या पत्र्याने) घातलेली पेस्ट वितळल्यावर निम्मीच उंच राहते, कारण तिच्या घनफळात धातू निम्माच असतो. ओव्हनमध्ये कनेक्टर थोडा केळ्यासारखा वाकला, की मधल्या किंवा टोकाच्या पिना सोल्डरच्या वर तरंगतात. उपाय म्हणजे त्या पॅडांवर पेस्ट पॅडच्या बाहेरपर्यंत छापायची, किंवा स्टेन्सिल तेवढ्या जागी जाड ठेवायची.

आरपार पायही रिफ्लोमध्येच सोल्डर करायचे असतील, तर पेस्ट अंदाजाने छापू नका, मोजा. १.० मिमीच्या भोकाचं क्षेत्र ०.७८५ चौरस मिमी, ०.६४ च्या पिनेचं ०.४१. उरलेलं ०.३७५ गुणिले १.६ मिमी जाडी, म्हणजे ०.६ घन मिमी धातू फक्त भोकाला. वर-खालच्या उतारांचा धरून ०.७. पेस्टमध्ये धातू निम्मा, म्हणून पेस्ट १.४ घन मिमी. छापताना भोक निम्मं भरतं असं धरलं तर ०.६ तिथेच आली. उरलेल्या ०.८ साठी ०.१२५ मिमी जाड स्टेन्सिलमध्ये ६.४ चौरस मिमीची खिडकी हवी, म्हणजे २ गुणिले ३.२ मिमी. २.५४ मिमी पिचमध्ये ती आरामात बसते. १.२७ च्या पिचमध्ये बसत नाही, आणि तिथे हा मार्ग सोडून द्यावा लागतो किंवा सोल्डरचे जादा तुकडे ठेवावे लागतात. पिन बोर्डाखाली १.५ मिमीपेक्षा जास्त बाहेर येऊ देऊ नका. ती पेस्ट टोकावर घेऊन खाली ढकलते, आणि टोकावरचा तो गोळा वितळून परत वर चढेल याची खात्री नसते. कनेक्टरच्या तळाला छोटे उंचवटे असायला हवेत, नाहीतर तळ पेस्टवरच बसतो आणि पिनांमध्ये सोल्डरचे मणी पसरतात.

कवचाचे पाय जमिनीच्या (ग्राउंडच्या) मोठ्या तांब्याला जोडलेले असतात आणि तिथे ओढाताण होते. सरळ जोडले तर तांबं उष्णता पिऊन टाकतं, सोल्डर भोकात चढत नाही. बारीक दांड्यांनी जोडले तर सोल्डर चढतं, पण वरच्या थरावरचा पॅड सुटा पडतो. वाट अशी काढता येते: आतल्या थरांवर ०.४ मिमीच्या चार दांड्या, आणि बाहेरच्या दोन थरांवर सरळ, भरीव जोड.

मुलामा हा विषय छोटा आहे, पण चूक महागात पडते. घासणाऱ्या संपर्काला सोनं हवं, नेहमीचं प्रमाण १.२७ मायक्रॉन निकेलवर ०.७६ मायक्रॉन सोनं. सोल्डरच्या शेपटीला मात्र कथील. तिथेही जाड सोनं असेल तर ते सगळं सोल्डरमध्ये विरघळतं, आणि वजनाने ३ टक्क्यांच्या वर गेलं की कथील-सोन्याचे ठिसूळ स्फटिक सांध्याला काचेसारखं करतात. शेपटी आणि संपर्क यांच्यामध्ये उघड्या निकेलची पट्टी असावी. सोल्डर सोन्यावरून वर चढत संपर्कापर्यंत जातं, निकेलवर ते अडतं. कवच स्टेनलेस स्टीलचं असेल तर पायांवर निकेल आणि कथील चढवलेलं आहे ना हे विचारून घ्या, कारण उघड्या स्टेनलेसला नेहमीचा फ्लक्स काही करू शकत नाही.

सोल्डरच नको असेल तर दाबून बसवायच्या पिना असतात, मध्ये सुईच्या नेढ्यासारखी फट असलेल्या. ०.६४ च्या अशा पिनेला १.१५ मिमीचं ड्रिल, भिंतीवर २५ ते ५० मायक्रॉन तांबं आणि शेवटचं भोक १.० मिमीच्या जवळ. इथे ड्रिलचं माप आणि शेवटचं माप दोन्ही लिहून द्यावी लागतात. गरम सोल्डरचा मुलामा असलेला बोर्ड या कामाला घेऊ नका, त्याची जाडी भोकागणिक बदलते. दाबताना बोर्डाला पिनांच्या अगदी शेजारी खालून आधार हवा.

गोंद हा जोड आहे, पाया नाही. कनेक्टरच्या मागच्या कोपऱ्यांवर इपॉक्सीचे दोन थेंब उचलणारा जोर बोर्डावर नेतात आणि कंपनात फार उपयोगी पडतात. तळाखाली पसरू देऊ नका. गरम झाल्यावर इपॉक्सी सोल्डरपेक्षा जास्त फुगते आणि कनेक्टरला खालून उचलते.

शेवटी बोर्ड ज्या पेटीत बसणार तिचं काम. कनेक्टरच्या मागे पेटीतून निघालेली एक बरगडी, ०.२ मिमी अंतरावर, वरही तशीच एक. प्लग हलला की कवच सांध्यांना ताण बसण्याआधी तिथे टेकतं. बाहेरची खिडकी प्लगच्या जाड प्लास्टिकला आत येऊ देईल एवढी मोठी हवी. टाइप-सी मध्ये ते प्लास्टिक १२.३५ गुणिले ६.५ मिमीपर्यंत असू शकतं. खिडकी लहान ठेवली तर प्लग पुरता आत जात नाही, अर्ध्यावर लटकतो, आणि आधी मांडलेलं तरफेचं गणित अधिकच बिघडतं. बोर्डाला कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना जवळ स्क्रू द्या. नाहीतर कनेक्टर पक्का आणि बोर्डच वाकतोय असं होतं.

पहिले नमुने आले की त्यातले पाच मुद्दाम तोडा. प्लग घालून चारही दिशांना ताणकाट्याने ओढा, आणि किती जोराला तुटलं यापेक्षा कुठे तुटलं ते नोंदवा. पॅड इपॉक्सीसकट निघाला तर तांबं सोललं गेलं: पाय वाढवा, अंतर वाढवा, व्हाया द्या. सोल्डर मधोमध फाटून दोन्हीकडे खडबडीत, करडा पृष्ठभाग उरला तर सांधा चांगला होता, भारच जास्त होता. पायावरून सोल्डर चकचकीत साच्यासारखं निघून आलं तर ते धरलंच नव्हतं: मुलामा जुना आहे किंवा उष्णता कमी पडली. आणि पॅडवर सपाट, काळपट निकेल उघडं पडलं तर दोष बोर्डाच्या मुलाम्यात आहे, लेआउट कितीही बदललात तरी तो जाणार नाही. आणखी दोन नमुने आडवे कापून, घासून, पिनेभोवती सोल्डर किती चढलं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. संपर्काचा रोध चार तारांनी, ओढण्याआधी आणि नंतर मोजा. टाइप-सी साठी सुरुवातीला ४० मिलिओमची मर्यादा आहे. सांधा दिसायला शाबूत असताना तो १० मिलिओमने वाढला असेल, तर आत कुठेतरी तडा सुरू झालेला असू शकतो.